मनाचे ऐकणारे डॉक्टर : गिरींद्रशेखर बोस

मानसिक आजार म्हणजे वेड आणि वेड म्हणजे शहराबाहेरील उंच भिंतींचे इस्पितळ, असे समीकरण देशात रूढ असताना कोलकात्यातील एका डॉक्टरांनी रुग्णाला आरामखुर्चीत बसवून त्याचे बोलणे ऐकण्यास सुरुवात केली. औषधाच्या बाटलीपेक्षा संभाषण हेच त्यांच्या उपचाराचे मुख्य साधन होते. या डॉक्टरांचे नाव गिरींद्रशेखर बोस. भारतीय मनोविश्लेषण संस्थेचे संस्थापक, कलकत्ता विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक, सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी सुमारे दीड दशक पत्रव्यवहार करणारे अभ्यासक आणि बंगाली भाषेतील लेखक अशी त्यांची ओळख आहे.

समुपदेशन, मानसोपचार, ताणतणाव हे शब्द आज शाळा, महाविद्यालये आणि कार्यालयांमध्ये परिचयाचे झाले आहेत. मनातील गाठ सुटली तर माणूस केवळ आजारातून बरा होतो असे नव्हे, तर त्याचे काम, त्याचे नातेसंबंध आणि त्याचे स्वतःशी असलेले नाते या सर्वांतच मोकळेपणा येतो, ही जाणीवही हळूहळू रुजत आहे. भारतात या विचाराला संस्थेचे, ग्रंथांचे आणि रुग्णालयाचे अधिष्ठान मिळवून देण्यात बोस यांचा वाटा फार मोठा आहे.

दरभंगा ते कोलकाता

गिरींद्रशेखर बोस यांचा जन्म ३० जानेवारी १८८७ रोजी झाला. त्यांचे वडील चंद्रशेखर बोस हे बिहारमधील दरभंगा संस्थानाच्या सेवेत वरिष्ठ पदावर होते. त्यामुळे मुलांचे बालपण दरभंग्यात गेले. घराणे बंगाली, परिसर मैथिली आणि हिंदी भाषकांचा, घरात वेदान्ताची आणि पुराणांची चर्चा आणि शिक्षण मात्र इंग्रजी वळणाचे, असे संमिश्र वातावरण त्यांना लाभले. गिरींद्रशेखर हे भावंडांमध्ये सर्वांत धाकटे. त्यांचे वडीलबंधू राजशेखर बोस यांनी पुढे ‘परशुराम’ या टोपणनावाने लिहिलेल्या विनोदी कथांमुळे आणि ‘चलन्तिका’ या बंगाली शब्दकोशामुळे मोठा लौकिक मिळवला. या दोन भावांचा परस्परांना आयुष्यभर आधार राहिला आणि धाकट्या भावाच्या कार्यात थोरल्याचा हात वेळोवेळी दिसतो.

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील शिक्षणानंतर गिरींद्रशेखर यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९१० मध्ये वैद्यकाची पदवी संपादन केली. विद्यार्थिदशेपासूनच त्यांना जादूचे प्रयोग आणि संमोहन यांची आवड होती. प्रेक्षकाची नजर एकीकडे गुंतवून हात दुसरीकडे चालवणे हे जादूगाराचे कसब असते. माणसाला जे दिसते त्याहून निराळे काहीतरी त्याच्याच मनात चाललेले असते, या गोष्टीचे कुतूहल त्यांच्या ठायी या छंदातून निर्माण झाले असावे.

डॉक्टर म्हणून त्यांचा जम लवकरच बसला. मात्र शरीरात कोणताही दोष सापडत नसताना झोप न येणे, धडधड होणे, विशिष्ट गोष्टींची अकारण भीती वाटणे, एकच विचार पुन:पुन्हा मनात येणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. प्रारंभी अशा रुग्णांवर त्यांनी संमोहनाचा प्रयोग केला. त्यातून तात्पुरता आराम मिळत असे, परंतु दुखण्याचे मूळ हाती लागत नसे. रुग्णाला गुंगीत नेण्याऐवजी तो पूर्ण जागा असताना त्यालाच बोलू द्यावे, या मार्गाकडे ते वळले.

फ्रॉइड यांच्या लेखनाचे इंग्रजी अनुवाद १९०९ नंतर प्रसिद्ध होऊ लागले होते, पण ते भारतात सहज मिळत नव्हते. व्हिएन्नातील या डॉक्टरांचे विचार पुरते हाती येण्यापूर्वीच बोस यांनी आपल्या पद्धतीने काही निष्कर्ष काढले होते. पुढे फ्रॉइड यांचे ग्रंथ वाचल्यावर आपल्याला जाणवलेल्या कित्येक गोष्टी त्यांनी आधीच मांडल्या आहेत, हे बोस यांच्या लक्षात आले आणि ते त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. तथापि ज्या ठिकाणी आपले निरीक्षण वेगळे होते, तेथे ते वेगळेच राहिले.

तिशीत पुन्हा विद्यार्थी

कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशातील हा असा पहिला विभाग. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता त्याचे प्रमुख होते. सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने विद्यापीठात नवनव्या विषयांना स्थान मिळत होते. चांगला चालता व्यवसाय असलेले बोस या विभागात विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९१७ मध्ये त्यांनी मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवली. लगेचच ते तेथे अध्यापनही करू लागले. सेनगुप्ता लखनऊला गेल्यानंतर विभागाची धुरा बोस यांच्याकडे आली आणि १९४९ पर्यंत ते विद्यापीठाशी निगडित राहिले.

मनातील इच्छा का दडपल्या जातात आणि दडपल्यावर त्यांचे काय होते, या विषयावरील त्यांच्या प्रबंधाला १९२१ मध्ये डॉक्टरेट मिळाली. मानसशास्त्रात भारतीय विद्यापीठाने दिलेली ही पहिली डॉक्टरेट मानली जाते. प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याची एक प्रत बोस यांनी व्हिएन्नाला फ्रॉइड यांच्याकडे पाठवली. आपल्या शास्त्राला इतक्या दूरच्या देशात असा गंभीर अभ्यासक मिळाल्याबद्दल फ्रॉइड यांनी आश्चर्य आणि आनंद व्यक्त करणारे उत्तर १९२१ मध्ये धाडले. येथून सुरू झालेला पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. या दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

पारसीबागान गल्लीतील संस्था

उत्तर कोलकात्यातील १४, पारसीबागान लेन हे बोस बंधूंचे घर साहित्यिक, चित्रकार, शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक यांच्या बैठकींसाठी प्रसिद्ध होते. बंगालमध्ये अशा मनमोकळ्या गप्पांच्या बैठकीला ‘अड्डा’ म्हणतात. याच घरात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना करण्यात आली. पंधरा संस्थापक सदस्यांमध्ये महाविद्यालयांत मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक होते, तसेच लष्कराच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टरही होते. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कले-हिल हे त्यांपैकी एक. त्याच वर्षी संस्थेला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. पॅरिसमधील अशी संस्था १९२६ मध्ये स्थापन झाली, हे लक्षात घेतले म्हणजे कोलकात्याचे हे पाऊल किती आघाडीचे होते याची कल्पना येते. बोस १९५३ मध्ये निधन होईपर्यंत संस्थेचे अध्यक्ष होते.

संस्थेच्या स्थापनेच्या वर्षातील एक प्रसंग मोठा मनोरंजक आहे. राजशेखर बोस यांच्या कथांसाठी चित्रे काढणारे जतींद्रकुमार सेन यांनी फ्रॉइड यांचे एक रेखाचित्र काढले. फ्रॉइड यांचे छायाचित्र त्यांनी पाहिलेले नव्हते. लेखनावरून माणूस कसा असेल याची कल्पना करून ते चित्र रेखाटले होते. बोस यांनी ते व्हिएन्नाला पाठवून दिले आणि फ्रॉइड यांनी ते कौतुकाने स्वीकारले.

नऊ वर्षांनंतर, १९३१ मध्ये, फ्रॉइड यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त संस्थेने त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट दिली. ती त्यांनी आपल्या लेखनाच्या मेजावर ठेवली. नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले, तेव्हा त्यांच्या संग्रहातील इतर वस्तूंबरोबर ही मूर्तीही लंडनला गेली. तेथील त्यांच्या निवासस्थानी आता संग्रहालय असून मूर्ती तेथे जतन करण्यात आली आहे.

दोन विरुद्ध इच्छांचा सिद्धान्त

बोस यांच्या उपचारपद्धतीचा गाभा समजण्यास अवघड नाही. त्यांच्या मते मनात उत्पन्न होणाऱ्या प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या उलट इच्छाही जन्म घेते. मारण्याच्या इच्छेसोबत मार खाण्याची, प्रेम करण्याच्या इच्छेसोबत प्रेम मिळवण्याची, सत्ता गाजवण्याच्या इच्छेसोबत शरण जाण्याची इच्छा असते. यांपैकी एक जाणिवेत राहते आणि दुसरी नेणिवेत ढकलली जाते. दडपलेली इच्छा नाहीशी होत नाही. ती भीती, वारंवार हात धुण्यासारखी सक्ती, अकारण अपराधीपणा किंवा शरीराचे दुखणे अशी निरनिराळी रूपे घेऊन परतते. दोन्ही इच्छांच्या ओढाताणीत माणसाची शक्ती खर्ची पडते आणि जगण्यासाठी ती उरत नाही.

हा विचार एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एखादा कारकून वरिष्ठांच्या रागाने सतत धास्तावलेला आहे. चूक होईल या भीतीने तो एकच कागद दहा वेळा तपासतो आणि रात्री त्याला झोप लागत नाही. घाबरू नकोस, असे सांगून त्याची भीती जात नाही, कारण ती भीती चुकीची आहे हे त्यालाही ठाऊक असते. बोस यांच्या पद्धतीनुसार अशा रुग्णाला मनात येईल ते न गाळता बोलू दिले जाई. त्यानंतर कल्पनेने वरिष्ठाच्या जागी जाण्यास सांगितले जाई. ओरडणारा आपणच आहोत अशी कल्पना करताना त्याच्या मनात काय उमटते याकडे लक्ष दिले जाई. पुन्हा तो आपल्या जागी येई. झोपाळ्याप्रमाणे या टोकाकडून त्या टोकाकडे जाता जाता आपल्यालाही संताप आहे, आपल्यालाही हुकूम सोडायचा आहे, ही दडपलेली गोष्ट त्याच्या ध्यानात येई. ती ओळखीची झाली की तिची दहशत ओसरत जाते, असे बोस यांचे निरीक्षण होते.

या विचारात बरे होण्याची कल्पनाही सामावलेली आहे. इच्छा मारून टाकणे किंवा ती मोकाट सोडणे या दोन्हींत बोस यांना उपाय दिसत नव्हता. ज्याच्यावर आपण रागावतो, ज्याला भितो किंवा ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्या जागी स्वतःला ठेवता येणे, हे त्यांच्या दृष्टीने निरोगी मनाचे लक्षण होते. ज्याला असे करता येते, त्याला पत्नी, मुले, वडील, सहकारी यांच्याकडे भीतीच्या किंवा रागाच्या पडद्याआडून पाहावे लागत नाही. मानसोपचार आयुष्य अधिक समाधानाचे कसे करू शकतो, या प्रश्नाचे बोस यांनी दिलेले उत्तर हे असे आहे.

रुग्णाला ते कोचावर न झोपवता आरामखुर्चीत बसवत. फ्रॉइड यांच्या तुलनेत बोस रुग्णाला अधिक मार्गदर्शन करत, काय कल्पना करावी हे सुचवत. अभ्यासकांनी या पद्धतीत गुरु-शिष्य परंपरेची छाया पाहिली आहे. डॉक्टरांनी मूक राहून केवळ ऐकावे, ही अपेक्षा भारतीय रुग्णाला परकी वाटली असती आणि त्याने वडीलधाऱ्या माणसाकडून चार शब्दांची अपेक्षा केली असती, ही बाब बोस यांनी व्यवहारात ओळखली होती.

व्हिएन्नाशी मतभेद

फ्रॉइड यांच्याविषयी अपार आदर असूनही बोस यांनी त्यांचे सर्व सिद्धान्त स्वीकारले नाहीत. वडिलांच्या शिक्षेच्या भीतीने मुलगा आपल्या इच्छा आवरतो, हे फ्रॉइड यांचे प्रतिपादन आपल्या रुग्णांना तंतोतंत लागू पडत नाही, असे बोस यांनी १९२९ मध्ये कळवले. त्याच वेळी त्यांनी आपले तेरा लेख फ्रॉइड यांच्याकडे पाठवले. भारतीय रुग्णांमध्ये ही भीती युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही आणि पुरुषांच्या मनातील स्त्री होण्याची इच्छा मात्र सहज वर येते, असे त्यांचे निरीक्षण होते. शिव आणि पार्वती यांचे अर्धनारीनटेश्वर रूप ज्या समाजात पूजले जाते, तेथे ही बाब अनाकलनीय वाटू नये.

फ्रॉइड यांनी या निरीक्षणाची दखल घेतली आणि विरुद्ध इच्छेच्या प्रश्नाकडे यापुढे लक्ष ठेवण्याचे आश्वासन दिले. बोस यांचा सिद्धान्त मात्र त्यांना पुरेसा खोल वाटला नाही. वसाहतीतील एका डॉक्टराने आपल्या रुग्णांच्या अनुभवाच्या आधारे युरोपातील सर्वांत प्रभावशाली मानसशास्त्रज्ञाशी बरोबरीच्या नात्याने वाद घालावा, ही गोष्ट त्या काळात सामान्य नव्हती. याच संस्थेचे काही ब्रिटिश सदस्य भारतीयांचे मन हे मुळातच अपरिपक्व असल्याचे सुचवणारे लेख लिहीत होते, हे लक्षात घेतल्यास बोस यांच्या भूमिकेचे महत्त्व अधिकच जाणवते. आपल्या रुग्णांचे मन कमी प्रतीचे नसून त्याची घडण निराळी आहे, ही त्यांची धारणा होती.

मातृभाषेतील मनोविज्ञान

मनातील दुखणे माणूस परक्या भाषेत बोलू शकत नाही, हे ध्यानात घेऊन बोस यांनी बंगालीत विपुल लेखन केले. स्वप्नांचा अर्थ उलगडणारे त्यांचे ‘स्वप्न’ हे पुस्तक १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. मनाच्या जाणिवेबाहेरील भागासाठी ‘निर्ज्ञान’ आणि मनोविश्लेषणासाठी ‘मनःसमीक्षण’ असे संस्कृताधारित शब्द त्यांनी वापरात आणले. मराठीत जाणीव आणि नेणीव ही जोडी संतसाहित्यापासून परिचयाची आहे. बंगालीत नव्या शास्त्रासाठी अशी परिभाषा घडवण्याचे काम बोस यांना करावे लागले. संस्थेने स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, सुरू केलेल्या नियतकालिकाला ‘समीक्षा’ हे नाव देण्यात आले.

त्यांच्या लेखणीचा संचार या विषयापुरता मर्यादित नव्हता. पुराणांतील कालगणनेचा शोध घेणारे ‘पुराणप्रवेश’, भगवद्गीतेवरील भाष्य आणि पतंजलींच्या योगसूत्रांचे विवेचन त्यांनी केले. गीता आणि योगसूत्रे यांच्याकडे त्यांनी भाविकाइतकेच मनाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले. लाल आणि काळ्या मुंग्यांच्या लढाईची ‘लाल कालो’ ही त्यांची बालकथा बंगाली बालवाङ्मयात आजही आवडीने वाचली जाते.

भिंतींच्या बाहेर उपचार

त्या काळी मानसिक रुग्णांसंबंधीचा व्यवहार १९१२ च्या कायद्यानुसार चालत असे. रुग्णाला ताब्यात ठेवणे आणि समाजाचे त्याच्यापासून रक्षण करणे यांवर या कायद्याचा भर होता. ज्यांचा त्रास तीव्र नव्हता, जे नोकरी आणि संसार कसाबसा रेटत होते, त्यांच्यासाठी कोणतीही सोय नव्हती. पैसा असणाऱ्यांना खासगी डॉक्टरांकडे जाता येई, इतरांना मांत्रिक, अंगारे-धुपारे किंवा मौन यांचाच आधार होता.

ही उणीव भरून काढण्यासाठी कोलकात्याच्या कार्मायकेल वैद्यकीय महाविद्यालयात १ मे १९३३ रोजी बोस यांच्या देखरेखीखाली मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू करण्यात आला. हे महाविद्यालय आज आर. जी. कर यांच्या नावाने ओळखले जाते. सर्वसाधारण रुग्णालयाला जोडलेला देशातील हा पहिला मानसोपचार विभाग मानला जातो. मुंबईत जे. जे. रुग्णालयात असा विभाग १९३८ मध्ये सुरू झाला. ताप किंवा खोकला दाखवायला यावे त्याच दारातून मनाचे दुखणे घेऊन येता येणे, हा रुग्णाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने फार मोठा बदल होता. आजही जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागांची कल्पना याच तत्त्वावर उभी आहे.

संस्थेने १९४० मध्ये ‘लुंबिनी पार्क’ हे रुग्णालय सुरू केले. त्यासाठी राजशेखर बोस यांनी जागा दिली होती. अवघ्या तीन खाटांनी सुरू झालेले हे रुग्णालय पुढे विस्तारत गेले आणि कालांतराने राज्य शासनाकडे आले. गौतम बुद्धांच्या जन्मस्थानाचे नाव धारण करणाऱ्या या वास्तूत रुग्णाला कैद्याऐवजी माणूस म्हणून वागणूक मिळावी, हा संस्थापकांचा उद्देश होता.

एक कवी आणि उपचाराची मर्यादा

लुंबिनी पार्कमध्ये दाखल झालेल्या रुग्णांत बंगालचे विद्रोही कवी काझी नजरुल इस्लाम हेही होते. १९४२ च्या जुलै महिन्यात वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांची वाणी अडखळू लागली आणि स्मृती हरपत गेली. हजारो गीते रचणारा हा कवी पाहता पाहता अबोल झाला. त्याच वर्षी त्यांना लुंबिनी पार्कमध्ये आणण्यात आले आणि सुमारे चार महिने तेथे त्यांच्यावर बोस यांच्या देखरेखीखाली उपचार झाले. त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली नाही.

पुढे १९५३ मध्ये नजरुल यांना तपासणीसाठी लंडन आणि व्हिएन्ना येथे नेण्यात आले. मेंदूच्या पेशींचा ऱ्हास करणारा पिक्स हा असाध्य आजार त्यांना झाल्याचे निदान व्हिएन्नातील डॉक्टरांनी केले. ज्या शहरात बोलण्यातून बरे करण्याचे शास्त्र जन्माला आले, त्याच शहरात हे निष्पन्न झाले की या कवीचा आजार बोलण्याने बरा होणारा नव्हता. तोपर्यंत बोस यांचे निधन झाले होते.

हा प्रसंग मानसोपचाराच्या क्षेत्राला एक महत्त्वाची गोष्ट सांगून जातो. मनाचे प्रत्येक दुखणे संभाषणाने दूर होत नाही. मेंदूचे विकार, तीव्र मनोविकार यांना वैद्यकीय तपासणी आणि औषधे आवश्यक असतात. आजचे मानसोपचारतज्ज्ञ औषधे आणि संभाषण यांचा मेळ घालतात, तो अशा अनुभवांतून आलेल्या शहाणपणामुळेच.

आक्षेप आणि वारसा

बोस यांच्या कार्यावर आक्षेपही घेण्यात आले आहेत. त्यांचे रुग्ण आणि सहकारी बहुतांश शहरी, सुशिक्षित आणि उच्चवर्णीय बंगाली समाजातील होते. त्यांच्यावरून साऱ्या भारतीयांच्या मनाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. स्वतः बोस यांचे मनोविश्लेषण अन्य कोणा तज्ज्ञाने केलेले नव्हते. त्यांचा अभ्यास आत्मनिरीक्षणावर आधारलेला होता आणि संस्थेतील जवळपास सर्व विश्लेषक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. त्यामुळे त्यांच्या मतांना आव्हान देणारा आवाज संस्थेत क्वचितच उमटला. चाळीसच्या दशकात मुंबईतही या चळवळीने मूळ धरले. इटलीतील वंशद्वेषी कायद्यांमुळे देश सोडून आलेले विश्लेषक एमिलिओ सर्वादिओ यांचा त्यात वाटा होता. मात्र कोलकाता आणि मुंबई यांपलीकडे मनोविश्लेषणाचा प्रसार मर्यादितच राहिला.

फ्रॉइड यांच्या अनेक सिद्धान्तांना आज पूर्वीचे स्थान उरलेले नाही. विचार आणि वर्तन यांवर लक्ष केंद्रित करणाऱ्या, कमी कालावधीच्या उपचारपद्धती अधिक प्रचलित आहेत. तरीही विश्वास वाटेल अशा प्रशिक्षित व्यक्तीसमोर निर्भयपणे बोलता येणे, आपल्याच मनातील नकोशा गोष्टींची ओळख पटणे आणि त्यानंतर निवड करण्याचे स्वातंत्र्य लाभणे, हा बहुतेक सर्व पद्धतींचा समान पाया राहिला आहे. दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहण्याचे जे तंत्र बोस यांनी वापरले, त्याच्याशी साम्य असलेले भूमिकाबदलाचे प्रयोग आजच्या कुटुंब समुपदेशनात आणि गट-उपचारात केले जातात.

गिरींद्रशेखर बोस यांचे ३ जून १९५३ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या सात दशकांत देशाने बरीच वाटचाल केली आहे. १९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या आणि पुढे २०१७ च्या कायद्याने घेतली. नव्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरवला आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेमार्फत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये बोलता येते.

असे असले तरी अंतर मोठे आहे. २०१५-१६ मध्ये करण्यात आलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेला नव्हता. तज्ज्ञांची कमतरता हे त्याचे एक कारण आहे, तर लोक काय म्हणतील ही भीती हे दुसरे. पहिल्या कारणावर शासन आणि वैद्यकीय संस्था उपाय करू शकतात. दुसरे कारण घराघरांत दूर व्हावे लागेल.

पारसीबागान गल्लीतील घरात शंभर वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी समोरच्या माणसाच्या भीतीला हसून किंवा दटावून न थांबवता तिचे म्हणणे ऐकून घेतले. त्यासाठी त्यांच्याकडे एक आरामखुर्ची, थोडा वेळ आणि त्या माणसाची भाषा होती. मनाचे दुखणे घेऊन कोणी समोर आले तर प्रथम ऐकावे आणि गरज भासल्यास त्याला योग्य डॉक्टरांपर्यंत घेऊन जावे, एवढे तर प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोगे आहे.